स्टँडर्ड ऑइलचं रॉकेल: माल चोख, पण दुसरं दुकान नाही

आधी निकाल, मग कारणं. १८७० ते १९११ या काळात अमेरिकेतल्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने विकलेल्या दिव्याच्या तेलाला, म्हणजे आपल्या रॉकेलला, माल म्हणून पाचपैकी साडेचार गुण. भावाला साडेतीन. पॅकिंगला पूर्ण पाच. विक्रीच्या पद्धतीला मात्र एक गुण देतानाही हात आखडतो. जॉन डी. रॉकफेलर आणि त्याच्या कंपनीबद्दल लिहिताना लोक एक तर आरती ओवाळतात, नाहीतर जोडे हाणतात. डब्यात नेमकं काय होतं, ते कसं बनत होतं, दिव्यात कसं जळत होतं आणि त्यात काय बिघडत होतं, ही तपासणी मागेच राहते. म्हणून ती इथे करू.

त्याआधी बाजार कसा होता ते पाहिलं पाहिजे, नाहीतर ‘स्टँडर्ड’ या नावाला एवढं वजन का होतं ते समजत नाही. पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल इथे २७ ऑगस्ट १८५९ रोजी एडविन ड्रेकने खणलेल्या विहिरीला जेमतेम ६९.५ फुटांवर तेल लागलं आणि काही वर्षांतच तेल गाळणाऱ्यांची झुंबड उडाली. धंद्यात शिरणं सोपं होतं. एक लोखंडी भट्टी, थंड पाण्यातून फिरवलेली नळी, चार टाक्या आणि थोडं गंधकाम्ल, की झाला कारखाना. त्याआधी घरात उजेडासाठी व्हेलचं तेल होतं, ते महाग. कॅम्फिन होतं, म्हणजे शुद्ध केलेलं टर्पेंटाइन, बहुधा अल्कोहोलात मिसळून विकलेलं, ते स्वस्त पण भडकणारं. रॉकेल या दोन्हींपेक्षा सरस होतं, मात्र नीट बनवलं तरच.

नीट बनवायचं म्हणजे काय? कच्चं तेल तापवलं की आधी हलका भाग उडतो, तो नॅप्था आणि पेट्रोल. नंतर साधारण १५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान रॉकेल येतं. त्यामागून जड तेलं, मेण आणि शेवटी तळाशी डांबरासारखा गाळ. सगळं कसब दोन जागी लागतं. नॅप्था संपून रॉकेल कधी सुरू झालं ते ओळखून नळी दुसऱ्या टाकीकडे वळवायची, आणि जड भाग यायच्या आत थांबायचं. लवकर वळवलं तर रॉकेलात नॅप्था उतरतो आणि दिवा बॉम्ब होतो. उशिरा थांबलं तर तेल पिवळट होतं, वात ते नीट ओढत नाही, काचेवर काजळी धरते. त्या काळात नॅप्थाला गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतं. छोटे कारखानदार तो नदीत सोडून देत, आणि क्लीव्हलंडच्या कायाहोगा नदीला आग लागायची ती अशा तेलामुळेच. मग फुकट जाणारा नॅप्था रॉकेलात मिसळून गॅलनमागे दोन पैसे जास्त कमावायचा मोह कोणाला होणार नाही? अमेरिकेत १८६० च्या दशकात दिव्यांच्या स्फोटांनी जी माणसं भाजली, त्यामागे मुख्यतः हीच भेसळ होती.

स्टँडर्डचा माल इथे वेगळा पडला. रॉकफेलर १८६३ मध्ये या धंद्यात आला तो सॅम्युएल अँड्र्यूजला सोबत घेऊन, आणि तेल गाळण्याचं ज्ञान अँड्र्यूजचं होतं. नॅप्था नदीत सोडण्याऐवजी त्यांनी तो भट्टीखाली जाळायला घेतला. पुढे मेण, वंगण, नॅप्था या सगळ्यांना बाजार शोधला. जोडउत्पादनं विकली गेली की भेसळीचा मोह आपोआप कमी होतो. इथे सचोटीपेक्षा हिशेब मोठा होता, आणि गिऱ्हाइकासाठी हिशेबातून आलेली शुद्धता जास्त भरवशाची असते.

यानंतरची पायरी शुद्धीकरणाची. भट्टीतून आलेलं रॉकेल उंच टाकीत घेऊन त्यात साधारण २ टक्के गंधकाम्ल घालायचं, खालून हवा सोडून ढवळायचं, काळा गाळ बसू द्यायचा, तो काढून पाण्याने धुवायचं, मग कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि पुन्हा साधं पाणी. आम्लाने रंग आणि वास जातो, सोड्याने उरलेलं आम्ल मरतं. घाई झाली की चूक होते ती शेवटच्या धुण्यात. आम्लाचे क्षार तेलात राहिले तर ते डोळ्यांना दिसत नाहीत, बाटलीत तेल पाण्यासारखं नितळ दिसतं, पण दोन रात्री दिवा जळला की वातीच्या टोकावर कडक खपली धरते आणि ज्योत बसत जाते. वात बदलून हा दोष जात नाही, तेल बदलावं लागतं. जड तेल जास्त तापवून, तोडून त्यातून आणखी रॉकेल काढायची पद्धतही तेव्हा रूढ झाली होती. तिने उतारा वाढतो, पण असं तेल जास्त धुरकट जळतं आणि त्याला आम्लही जास्त लागतं. उताऱ्याच्या मागे लागलेल्या कारखान्याचा माल इथेच ओळखू येई.

आता प्रतींबद्दल, कारण स्टँडर्डचं रॉकेल म्हणजे एकच माल नव्हे. अमेरिकेतल्या घरगुती गिऱ्हाइकाला मिळणारी उत्तम प्रत ‘वॉटर व्हाइट’, तिची फायर टेस्ट १५० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६५ सेल्सिअस. निर्यातीला जाणाऱ्या साध्या प्रतीला ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, पुरेसे मानले जात. यात एक मेख आहे. फायर टेस्ट म्हणजे तेल स्वतः पेटून जळत राहील ते तापमान. वरची वाफ क्षणभर भडकेल ते तापमान, म्हणजे फ्लॅश पॉइंट, त्याहून खाली असतं, आणि दिव्याच्या टाकीत धोका वाफेचाच असतो. त्यातही भांडं उघडं ठेवून मोजलं की आकडा फुगतो, बंद ठेवून मोजलं की खरा येतो. इंग्लंडने १८७९ मध्ये बंद भांड्याची एबल चाचणी घेतली, आणि तिथे उघड्या भांड्याचे जुने १०० अंश ७३ अंश फॅरनहाइट ठरले. म्हणजे जेमतेम २३ सेल्सिअस. लंडनच्या थंडीत ते चालून जाईल. हीच पट्टी वैशाखातल्या मुंबई-पुण्याला लावली तर बंद खोलीत ठेवलेल्या दिव्याच्या टाकीत भडका घेण्याजोगी वाफ दिवसभर असणार. आज भारतीय मानकाप्रमाणे रॉकेलचा फ्लॅश पॉइंट एबल चाचणीत किमान ३५ अंश सेल्सिअस लागतो, ते उगाच नाही. अर्धा गुण कापला तो या दुहेरी मापासाठी: चांगली प्रत घरच्यांना, हलकी परदेशच्यांना.

तेल चांगलं असूनही दिवा धूर काढत असेल तर बहुतेकदा दोष वातीचा असतो. वात सैल विणीची हवी आणि बर्नरमध्ये विनासायास सरकली पाहिजे. घट्ट बसली तर तेल वर चढत नाही. नवी वात आधी उन्हात किंवा चुलीजवळ वाळवायची आणि मगच तेलात भिजवायची, कारण दमट वात तेल नीट ओढत नाही. रोज जळलेला भाग कापडाने पुसायचा, सारखं कातरायचं नाही. कातरलीच तर दोन्ही कोपरे किंचित गोल करायचे, नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात आणि काच तडकते. बर्नर चिकट झाला तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळायचा. टाकी रोज दिवसाउजेडी भरायची, कारण तेल खाली गेलं की वर वाफेला जागा होते. पेटता दिवा कधीही भरायचा नाही. विझवताना वात खाली घ्यायची आणि काचेच्या तोंडावरून आडवी फुंकर मारायची. वरून सरळ खाली फुंकली तर ज्योत टाकीत शिरू शकते.

पॅकिंगवर जरा रेंगाळायला हवं, कारण कंपनीची खरी हुशारी तिथे दिसते. सुरुवातीला माल लाकडी पिंपातून जाई, एका पिंपात ४२ गॅलन. लाकडातून तेल पाझरतं म्हणून पिंपाला आतून सरसाचा लेप द्यावा लागे, आणि आत थोडं पाणी राहिलं की सरस विरघळून गळती सुरू. बाजारात पिंप अडीच डॉलरला पडे. रॉकफेलरने स्वतःचा पिंपांचा कारखाना काढला आणि खर्च एका डॉलरच्या आत आणला. ओलं लाकूड वाहून आणण्याऐवजी जंगलातच भट्टीवर वाळवून घेतलं. त्यामुळे वजन घटलं, म्हणून भाडं घटलं, आणि वाळलेली फळी गळतेही कमी.

परदेशी जाणारा माल ५ गॅलनच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यांत, दोन डबे एका लाकडी खोक्यात. न्यूयॉर्कच्या कारखान्यात या डब्याचं झाकण बंद करायला सोल्डरचे ४० थेंब लागत. रॉकफेलरने ३८ थेंबांनी करून पाहायला सांगितलं. काही डबे गळले. ३९ वर एकही गळला नाही, तेव्हा ३९ कायम झाले. पहिल्याच वर्षी यातून २,५०० डॉलर वाचले. ही गोष्ट काटकसरीचा नमुना म्हणून सांगितली जाते, पण गिऱ्हाइकाच्या बाजूने त्यातलं महत्त्वाचं वाक्य वेगळं आहे: ३८ वर गळती दिसली तेव्हा कंपनी थांबली. अनेक कारखाने ३८ वर खूश राहिले असते.

हा डबा आपल्याकडे तेलापेक्षा जास्त टिकला. मुंबई बंदरात उतरलेलं रॉकेल जळून जाई, डबा पाणी भरायला, धान्य साठवायला, कापून पत्र्याची डागडुजी करायला राही. पॅकिंगचं मोल प्रतिस्पर्ध्यांना उशिरा कळलं. १८९२ मध्ये लंडनचा व्यापारी मार्कस सॅम्युएल याने ‘म्युरेक्स’ ही तेलवाहू बोट सुवेझमार्गे पूर्वेला आणली आणि रशियाचं स्वस्त रॉकेल टाक्यांत सुटं उतरवलं. लोक आपापली भांडी घेऊन येतील अशी कल्पना होती. लोकांना तेल हवं होतं, पण डब्यासकट. शेवटी त्यालाही पूर्वेतच डबे बनवायला लागले. स्टँडर्डचे निळे, त्याचे लाल.

एकदा मात्र माल खरोखर फसला. १८८५ पासून ओहायोत लायमा भागात भरपूर तेल सापडलं, पण ते गंधकाने भरलेलं. साध्या आम्लाने त्याचा वास जाईना. दिव्यात जाळलं तर कुजक्या अंड्यांचा दर्प, काचेवर पांढुरकी पुटं आणि वातीवर खपली. स्टँडर्डने हे तेल विकायला घाई केली नाही. भाव पडलेला असताना घेऊन साठवत गेली, हा साठा ४ कोटी पिंपांवर गेला, आणि हर्मन फ्राश या रसायनशास्त्रज्ञाला कामाला लावलं. त्याने कॉपर ऑक्साइड वापरून गंधक बांधून बाहेर काढायची पद्धत बसवली, त्या ऑक्साइडला भाजून पुन्हा वापरताही येई. मग तोच साठा सोन्याचा झाला. तोंडचं पाणी पळवणारा जुगार होता, आणि एवढं भांडवल अडकवून बसणं छोट्या कारखान्याला शक्यच नव्हतं. मोठेपणाचा गिऱ्हाइकाला खरा फायदा कुठे झाला असं विचारलं तर या उदाहरणाकडे बोट दाखवावं लागतं.

भावाची गोष्ट आकर्षक आहे आणि म्हणूनच तपासून घ्यायला हवी. न्यूयॉर्कमध्ये घाऊक रॉकेल १८७० मध्ये गॅलनला सुमारे २६ सेंट, १८८० मध्ये सुमारे ९, १८९० मध्ये साडेसातच्या आत. कंपनीचे चाहते एवढं सांगून थांबतात. पण याच काळात कच्चं तेल पिंपाला ३.८६ डॉलरवरून १८८० मध्ये ९५ सेंटवर आलं होतं. ४२ ने भागून पाहा. १८७० मध्ये गॅलनभर कच्च्या तेलाचे ९ सेंट, १८८० मध्ये सव्वादोन. म्हणजे दशकातल्या १७ सेंटांच्या घसरणीपैकी ७ सेंट नुसते विहिरींनी दिले, त्यात कंपनीचं कर्तृत्व नाही. राहिलेले १० गाळणं, पिंपं, वाहतूक आणि नफ्यातून आले, आणि त्यात तेव्हा जिवंत असलेल्या स्पर्धेचा वाटा मोठा. १८८० च्या सुमारास देशातलं ९० टक्के तेल गाळणं स्टँडर्डच्या हातात आलं. त्यानंतरच्या दहा वर्षांत भाव उतरला तो दीड सेंट. दरम्यान १८८२ मध्ये ट्रस्ट झाला, म्हणजे सगळ्या जोडकंपन्या एकाच विश्वस्त मंडळाच्या हाती गेल्या, ५३ कारखान्यांचे २२ केले, क्लीव्हलंड, बेयॉन आणि फिलाडेल्फियातल्या तीन प्रचंड कारखान्यांवर भर दिला, आणि गाळण्याचा खर्च गॅलनला दीड सेंटवरून अर्ध्या सेंटाच्या आत आणला. या एका सेंटाच्या बचतीतलं किती गिऱ्हाइकापर्यंत पोचलं, हे तुमचं गाव कुठे आहे त्यावर ठरायचं. साडेतीन गुण त्यामुळे.

इथून विक्रीच्या पद्धतीवर येऊ. घोड्याची टाकीगाडी थेट किराणा दुकानाच्या दारात यायची, पिंप हलवायची कटकट नाही, गळती नाही, माप बरोबर. सेवा म्हणून उत्तम. पण त्याच दुकानदाराने दुसऱ्याचं एक पिंप घेतलं की शेजारच्या दुकानात स्टँडर्डचा भाव तोट्यात उतरायचा, आणि दुसरा पळाला की पुन्हा चढायचा. १९०७ मध्ये सरकारच्या ब्युरो ऑफ कॉर्पोरेशन्सने देशभरचे भाव तपासून हेच मांडलं: जिथे स्पर्धा तिथे स्वस्त, जिथे नाही तिथे महाग, वाहतुकीच्या खर्चाशी त्याचा मेळ बसत नाही. मिसूरीत तर ‘आमचा ट्रस्टशी संबंध नाही’ अशी जाहिरात करणारी रिपब्लिक ऑइल कंपनी होती. ट्रस्टवर रागावलेली गिऱ्हाइकं मुद्दाम तिच्याकडे जात. ती स्टँडर्डचीच होती. असल्या बनवाबनवीला गुण नसतात.

मुळात कंपनी एवढी वाढली ती रेल्वेच्या भाड्यावर. त्यातला एक भाग सरळ व्यवहार होता: रॉकफेलरचा भागीदार फ्लॅगलर याने लेक शोअर रेल्वेला रोज ६० वाघिणी तेल देण्याची हमी दिली. रोज फक्त तेलाची गाडी धावायला लागल्यावर रेल्वेचा खर्च खरोखर कमी झाला, त्यामुळे सूट मिळणं समजण्यासारखं आहे. पण १८७२ च्या साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनीच्या करारात, म्हणजे रेल्वे कंपन्या आणि रॉकफेलरसह मोजके कारखानदार यांच्यातल्या करारात, दुसरंच कलम होतं. तेलभागातून क्लीव्हलंडला कच्च्या तेलाचं भाडं पिंपाला ८० सेंट, करारातल्या मंडळींना त्यातले ४० परत. शिवाय प्रतिस्पर्ध्याने भरलेल्या प्रत्येक पिंपाच्या भाड्यातलेही ४० यांनाच. पहिली सूट म्हणता येईल, दुसरं सरळ खंडणी. बोभाटा झाल्यावर ती कंपनी एकही पिंप न हलवता गुंडाळली गेली, पण तिच्या धाकात काही आठवड्यांत क्लीव्हलंडमधल्या २६ प्रतिस्पर्धी कारखान्यांपैकी २२ रॉकफेलरने विकत घेतले होते.

पुढे हे बारीक पातळीवर उतरलं. १८८१ चं एक पत्र प्रसिद्ध आहे. स्टँडर्डशी जोडलेल्या लुइव्हिलच्या विक्रेत्याने रेल्वेच्या भाडे-अधिकाऱ्याला लिहिलं की दुसऱ्याकडून तेल घेणाऱ्या अमुक दुकानाला ७० पिंपं नेहमीच्या दराने, फक्त ४१ डॉलर ५० सेंटमध्ये पोचली, तेव्हा कृपया आणखी एक स्क्रू आवळा. दुसऱ्याच्या मालाची खबर यांना कोणी दिली, हे विचारायची गरज नाही. १९०७ मध्ये न्यायाधीश लँडिस यांनी इंडियानाच्या स्टँडर्डला २ कोटी ९२ लाख ४० हजार डॉलरचा दंड ठोठावला तो याच दुखण्यावर: व्हाइटिंगहून तेल नेताना जाहीर भाडं १०० पौंडांना १८ सेंट, कंपनीने दिलं ६. एकेका वाघिणीचा एकेक गुन्हा धरला, १,४६२ गुन्हे गुणिले २०,००० डॉलर. वरच्या कोर्टात दंड टिकला नाही.

१५ मे १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे ३४ तुकडे केले. त्यातल्या न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या कंपन्यांचा वंश आपल्याकडे एकत्र आला तो स्टॅनव्हॅक नावाने. ट्रॉम्बेला १९५४ मध्ये सुरू झालेला स्टॅनव्हॅकचा कारखाना पुढे एस्सोचा आणि १९७४ पासून हिंदुस्तान पेट्रोलियमचा. पण तोवर रॉकेल हा दुय्यम माल झालेला होता. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र १८८२ मध्येच सुरू झालं आणि शहरातला दिवा हळूहळू तेलावरून उतरला. १९१० च्या सुमारास तर अमेरिकेत पेट्रोलचा खप रॉकेलपुढे गेला, ज्या हलक्या भागाला कोणी विचारत नव्हतं त्याचा.

१८९० च्या अमेरिकेत घेणाऱ्यासाठी सल्ला: शहरात गॅस किंवा वीज पोचली असेल तर बैठकीच्या खोलीत तीच घ्या, स्वयंपाकघरापुरतं रॉकेल ठेवा. खेड्यात असाल तर १५० ची वॉटर व्हाइटच मागा, आणि पिंपावर राज्याच्या तपासनिसाचा शिक्का आहे का ते बघा. दुकानात सुटं मिळत असेल तर घरी चाचणी घ्या: बशीत ११० फॅरनहाइटचं, म्हणजे हाताला चांगलं गरम लागेल इतकं पाणी, त्यावर चमचाभर तेल, मिनिटभर थांबून पृष्ठभागाच्या जरा वरून पेटती काडी फिरवायची. भडकलं तर तेल परत करा, भांडण झालं तरी चालेल. आणि ‘ही पूड टाकीत घाला, स्फोट होणार नाही’ म्हणत मिठासारख्या पुड्या विकणारे दारावर आले तर दार लावून घ्या. नॅप्था कुठल्याही पुडीने रॉकेल होत नाही.